जे. पी. चंद्रबाबू : मद्रासच्या पडद्यावर तरुणाईचा ठेका आणणारा कलावंत

चेन्नई : दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकात लंडनच्या रस्त्यांवर लांब कोट, अरुंद तुमानी आणि तेल चोपडून उंच फिरवलेले केस अशा थाटातले तरुण दिसू लागले आणि ब्रिटिश समाज अस्वस्थ झाला. त्याच सुमारास मद्रासमध्येही एक तरुण सूट, टाय आणि हॅट घालून स्टुडिओंच्या दारात हेलपाटे घालत होता. आल्प्सच्या पहाडी गुराख्यांची हाळी त्याच्या गळ्यात होती आणि अंगात रबरासारखी लवचीकता होती. काही वर्षांतच तमिळ चित्रपटांचा प्रेक्षक त्याच्या गाण्यासाठी आणि नाचासाठी तिकीट काढू लागला. तमिळनाडूत आजही आवडीने ऐकला जाणारा हा आवाज जे. पी. चंद्रबाबू यांचा. त्यांच्या जन्माला २०२७ मध्ये शंभर वर्षे पूर्ण होत आहेत.

चंद्रबाबू यांचे पूर्ण नाव जोसेफ पनिमयदास चंद्रबाबू रॉड्रिग्ज. ऑगस्ट १९२७ मध्ये तुतुकुडी या बंदराच्या गावी, किनाऱ्यावरच्या परवर समाजातील ख्रिस्ती कुटुंबात त्यांचा जन्म झाला. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या काळात या समाजाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. वसईच्या किंवा गोव्याच्या वाचकाला रॉड्रिग्ज हे आडनाव परके वाटू नये. त्यामागचा इतिहास एकच आहे. पनिमयदास हे नाव तुतुकुडीच्या प्रसिद्ध पनिमय माता चर्चवरून आलेले, तर चंद्रबाबू हे कुळाच्या नावावरून. पोर्तुगीज आडनाव, तमिळ मातृभाषा आणि पुढे अंगवळणी पडलेली इंग्रजी रीत असे तीन प्रवाह या एका माणसात मिसळले होते.

त्यांचे वडील स्वातंत्र्य चळवळीत होते आणि वृत्तपत्र चालवत असत. १९२९ मध्ये ब्रिटिश सरकारने त्यांना अटक करून मालमत्ता जप्त केली आणि पुढे हे कुटुंब कोलंबोला जाऊन राहिले. ज्या सत्तेने घरदार हिरावून घेतले, त्याच सत्तेच्या दुसऱ्या वसाहतीत मुलाचे बालपण गेले. कोलंबो हे जगभरातील जहाजांच्या वाटेवरचे बंदर होते. तिथल्या ख्रिस्ती शाळेत इंग्रजी शिक्षण मिळाले, हॉलिवूडचे चित्रपट पाहायला मिळाले, चार्ली चॅप्लिनचे वेड लागले आणि ग्रामोफोनच्या तबकड्यांवरून पाश्चात्त्य गाणी कानी पडली. १९४३ मध्ये हे कुटुंब मद्रासला परतले आणि तिरुवल्लिक्केणी भागात राहू लागले. तोवर सोळा वर्षांच्या चंद्रबाबूंची चालण्या-बोलण्याची ढब कोलंबोची झाली होती. त्यांच्या तमिळ उच्चारांनाही सिंहली वळण होते.

त्या वेळचे मद्रास दोन अंगांनी बदलत होते. एकीकडे मैलापूरच्या सभांमध्ये कर्नाटक संगीताचे राज्य होते आणि तमिळ भाषेतील गाण्यांना मान मिळावा यासाठी तमिळ इसै चळवळ उभी राहत होती. दुसरीकडे पेरांबूर, वेपेरी आणि सेंट थॉमस माउंट या भागांतील अँग्लो-इंडियन वस्त्यांत पियानो, गिटार आणि बॉलरूम नृत्य होते. रेल्वेत काम करणाऱ्या या समाजातील अनेक कुटुंबे स्वातंत्र्यानंतर इंग्लंडला निघून गेली. पुढे ब्रिटिश तरुणाईच्या संगीतात मद्रासमध्ये जन्मलेली दोन नावे चमकली, हा केवळ योगायोग म्हणता येणार नाही. १९३६ मध्ये मद्रासमध्ये जन्मलेले अर्नोल्ड जॉर्ज डॉर्सी हे एंगलबर्ट हंपरडिंक या नावाने गाजले, तर १९४१ मध्ये इथेच जन्मलेले पीट बेस्ट १९६० ते १९६२ या काळात बीटल्सचे ड्रमवादक होते. लखनऊला जन्मलेल्या हॅरी वेबचा क्लिफ रिचर्डही याच काळात झाला. भारतात रुजलेली पाश्चात्त्य संगीताची एक फांदी अशी इंग्लंडला गेली. चंद्रबाबू मात्र मद्रासमध्येच राहिले आणि त्यांनी त्या संगीताला तमिळ शब्द दिले.

सुरुवात सोपी नव्हती. लेखक आणि दिग्दर्शक बी. एस. रामय्या यांनी १९४७ मध्ये ‘धन अमरावती’ या चित्रपटात त्यांना छोटी भूमिका दिली. त्यानंतर बराच काळ हाती काही लागले नाही. मद्रासच्या चित्रपटसृष्टीत तेव्हा ‘चंद्रलेखा’कार एस. एस. वासन यांच्या जेमिनी स्टुडिओचा दबदबा होता. वासन यांची भेट मिळावी म्हणून चंद्रबाबू खेटे घालत राहिले, पण दार उघडले नाही. नैराश्याच्या भरात १९५२ मध्ये त्यांनी स्टुडिओच्या आवारात जीव देण्याचा प्रयत्न केला. वेळीच उपचार झाल्याने ते वाचले; पण त्या काळी हा गुन्हा असल्याने प्रकरण न्यायालयात गेले. तिथे त्यांनी पेटती काडी स्वतःच्या हातावर टेकवली, अशी हकिकत सांगितली जाते. भाजलेला हात सर्वांना दिसतो, आतली वेदना कोणाला दिसत नाही, हे त्यांना न्यायाधीशांना दाखवून द्यायचे होते. या प्रसंगानंतर वासन यांनी त्यांना जेमिनीच्या ‘मून्ऱु पिळ्ळैगळ’ या चित्रपटात संधी दिली. चंद्रबाबूंच्या कारकिर्दीचा खरा आरंभ इथून झाला.

चंद्रबाबू नेमक्या कोणत्या चित्रपटसृष्टीत आले, हे लक्षात घेतले म्हणजे त्यांचे वेगळेपण कळते. १९५२ मध्येच ‘पराशक्ती’ प्रदर्शित झाला होता. एम. करुणानिधी यांच्या लेखणीतून उतरलेले प्रासयुक्त, शुद्ध तमिळ संवाद आणि शिवाजी गणेशन यांची धारदार वाणी यांनी प्रेक्षक भारावले होते. द्रविड चळवळीचे राजकारण पडद्यावर बोलू लागले होते. विनोदाच्या क्षेत्रात एन. एस. कृष्णन यांचा शब्द अंतिम होता आणि त्यांच्या हास्यामागे नेहमी समाजाला दिलेली शिकवण असे. थोडक्यात, नायक भाषण करत होता आणि विनोदवीर उपदेश करत होता. चंद्रबाबूंनी या दोन्ही गोष्टी टाळल्या. ते पडद्यावर आले की आधी त्यांचे शरीर बोलत असे. पाय घसरत, गुडघे वाकत, खांदे वेगळ्याच तालात उडत आणि मध्येच गळ्यातून ती पहाडी हाळी उमटत असे. उपदेश नसलेली, केवळ तारुण्याची मौज पडद्यावर मांडणे हेच त्या काळात नवे होते.

ही हाळी म्हणजे योडलिंग. छातीतल्या खालच्या स्वरावरून एकदम वरच्या, पोकळ स्वरावर उडी घेणे आणि तितक्याच वेगाने परत येणे, असे हे तंत्र. युरोपच्या डोंगराळ भागात एका दरीतून दुसऱ्या दरीत साद घालण्यासाठी ते वापरले जाई. अमेरिकेत जिमी रॉजर्स या गायकाने १९२० च्या दशकाच्या अखेरीस ते तबकड्यांवर आणले आणि तबकड्यांबरोबर ते जगभर पोहोचले. हिंदी चित्रपटांत किशोर कुमार यांनी ते लोकप्रिय केले. तमिळमध्ये तेच काम चंद्रबाबूंनी केले. दोघांमध्ये एक दुवाही आहे. एव्हीएम संस्थेच्या ‘लडकी’ या हिंदी चित्रपटात नायकाच्या मित्राची भूमिका किशोर कुमार यांनी केली होती. त्याच कथेच्या ‘पेण’ या १९५४ च्या तमिळ आवृत्तीत ही भूमिका पुढे वीणावादक म्हणून कीर्ती मिळवलेल्या एस. बालचंदर यांनी केली आणि त्यांच्या गाण्याला आवाज दिला चंद्रबाबूंनी. एरवी ते बहुतांशी स्वतःसाठीच गात असत.

त्यांच्या गायनाला मान्यता मिळाली तीही सहजासहजी नाही. संगीतकार एम. एस. विश्वनाथन यांनी प्रारंभीच्या एका चाचणीत त्यांच्या उच्चारांमुळे त्यांना नाकारले होते, असे सांगतात. पुढे याच विश्वनाथन यांनी टी. के. राममूर्ती यांच्या साथीने १९५७ च्या ‘पुदैयल’साठी चंद्रबाबूंकडून गाऊन घेतले आणि दोघांची घट्ट मैत्री झाली. १९५७ चाच ‘मणमगन तेवै’, १९५९ चा ‘मरगदम’, १९६२ चा ‘अन्नै’ आणि १९६४ चा ‘आंडवन कट्टळै’ या चित्रपटांतील त्यांची गाणी आजही तमिळ वाद्यवृंदांच्या कार्यक्रमांत म्हटली जातात. यांतील काही गाणी निव्वळ मौजेची आहेत. काहींत मात्र हसता हसता आयुष्याचा हिशेब मांडलेला आहे आणि चंद्रबाबूंचा आवाज तिथे अनपेक्षितपणे खोल जातो.

याच वर्षांत ब्रिटनमध्ये काय घडत होते, हे पाहणे उद्बोधक ठरते. युद्धकाळापासूनचे रेशनिंग १९५४ मध्ये पूर्णपणे संपले. कारखान्यांत काम मुबलक होते आणि वयाच्या पंधराव्या वर्षी शाळा सोडलेल्या मुलांच्या हाती स्वतःच्या कमाईचे पैसे आले. ते पैसे कपडे, तबकड्या आणि चित्रपटांवर खर्च होऊ लागले. १९५६ मध्ये बिल हेलीचा ‘रॉक अराउंड द क्लॉक’ हा चित्रपट लागला, तेव्हा तरुण चित्रपटगृहातच नाचू लागले, काही ठिकाणी खुर्च्यांची मोडतोड झाली आणि काही शहरांत त्यावर बंदी आली. मद्रासच्या तरुणाकडे असा पैसा नव्हता. त्याच्यासाठी फॅशनचे दुकान म्हणजे चित्रपटगृहाचा पडदा आणि संगीताचे दुकान म्हणजे शेजारच्या हॉटेलातला रेडिओ. ती हौस पडद्यावरच्या चंद्रबाबूंकडून फेडून घेतली जात होती.

रेडिओची गोष्टही मोठी बोलकी आहे. १९५२ मध्ये केंद्रीय माहिती व नभोवाणी मंत्री झालेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे मूळचे पुण्याचे. शास्त्रीय संगीताच्या आग्रहापोटी त्यांनी आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार केली. श्रोत्यांनी मग रेडिओचा काटा रेडिओ सिलोनकडे वळवला. ज्या कोलंबोने चंद्रबाबूंना घडवले होते, त्याच कोलंबोतून भारतीय चित्रपटगीते भारताच्या घराघरांत येऊ लागली. अखेर १९५७ मध्ये आकाशवाणीला विविध भारती सुरू करावी लागली. पाश्चात्त्य ठेक्याविरुद्धची ही लढाई दिल्लीने अशी निमूटपणे हरली.

मराठी वाचकाला या सगळ्यात ओळखीचे सूर सापडतील. १९५१ च्या ‘अलबेला’त भगवानदादा पालव यांनी नाच आणि सी. रामचंद्र यांनी संगीत देऊन मुंबईत असाच चमत्कार घडवला होता. त्या वाद्यमेळामागे चिक चॉकलेट या नावाने प्रसिद्ध असलेले गोव्याचे वादक होते. पुढे १९५७ च्या ‘आशा’त सी. रामचंद्र यांनी अर्थहीन अक्षरांना रॉक अँड रोलचा ठेका देऊन देशाला नाचवले. तो चित्रपट दिग्दर्शित करणारे एम. व्ही. रामन हे मद्रासचेच. सी. रामचंद्र यांनी आपली संगीतकार म्हणून सुरुवातही तमिळ चित्रपटांपासून केली होती. मुंबई आणि मद्रास यांच्यात तेव्हा चालींची आणि कल्पनांची देवाणघेवाण सतत सुरू होती.

१९५८ च्या ‘सबाष मीना’ने चंद्रबाबू कीर्तीच्या शिखरावर पोहोचले. बी. आर. पंतुलू यांच्या या चित्रपटात शिवाजी गणेशन नायक होते, पण दुहेरी भूमिकेतील चंद्रबाबूंनी प्रेक्षकांना जिंकले. त्यांतील एक भूमिका रिक्षा ओढणाऱ्याची होती. तिच्यासाठी त्यांनी मद्रासच्या गल्लीबोळांतील बोली वापरली. तेलुगू, उर्दू आणि इंग्रजी शब्दांची सरमिसळ असलेली ही बोली सुशिक्षितांच्या लेखी अडाणी होती. शुद्ध तमिळच्या त्या युगात ती मोठ्या पडद्यावर रुबाबात वावरली, आणि तीही कोलंबोत शिकलेल्या, अस्खलित इंग्रजी बोलणाऱ्या नटाच्या तोंडून. पुढे चो रामस्वामी आणि कमल हासन यांनीही हीच बोली पडद्यावर गाजवली. पंतुलू यांनीच १९६२ मध्ये ‘दिल तेरा दीवाना’ या नावाने ही कथा हिंदीत आणली. त्यात चंद्रबाबूंची जागा मेहमूद यांनी घेतली आणि त्यांना सहायक अभिनेत्याचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. १९५९ च्या ‘सहोदरी’बाबतही एक आठवण सांगितली जाते. पूर्ण झालेला चित्रपट फिका वाटल्याने एव्हीएमचे मेय्यप्पन यांनी चंद्रबाबूंकडून विनोदी प्रसंगांची मालिका करवून घेतली आणि ती मूळ कथेत गुंफून चित्रपट तारला.

यश मिळाले तसा थाटही वाढला. ग्रीनवेज रोड परिसरात त्यांनी बंगला बांधायला घेतला. मोटार थेट वरच्या मजल्यापर्यंत नेता येईल अशी त्याची रचना असल्याचे सांगतात. वागण्यात तर त्यांनी मद्रासचे सगळे संकेत मोडले. तमिळ चित्रपटसृष्टीत ज्येष्ठाला आदरार्थी संबोधनाशिवाय हाक मारणे अशक्य मानले जाई. चंद्रबाबू मात्र मोठमोठ्या नटांना बरोबरीच्या मित्रासारखे नावाने हाक मारत. काहींना त्यात मोकळेपणा दिसला, तर अनेकांना उद्धटपणा. ब्रिटनमधील तरुणांनी वडीलधाऱ्यांचे जग नाकारले तेव्हा त्यांच्या पाठीशी हजारो समवयस्क होते. मद्रासच्या स्टुडिओंत चंद्रबाबू एकटे होते. पुढे कामे मिळेनाशी झाली, तेव्हा या एकटेपणाची किंमत त्यांना मोजावी लागली.

खासगी आयुष्यातही त्यांनी रूढ वाट धरली नाही. १९५८ मध्ये त्यांचा विवाह झाला. पत्नीने आपले आधीपासून दुसऱ्यावर प्रेम असल्याचे सांगितले, तेव्हा त्यांनी राग किंवा सूड न धरता तिला तिच्या वाटेने जाऊ दिले आणि कायदेशीर फारकत घेतली. १९५० च्या दशकातील मद्रासमध्ये हा निर्णय धक्कादायक होता. के. भाग्यराज यांचा १९८१ चा ‘अंद एळु नाट्कळ’ आणि त्यावरून आलेला हिंदीतील ‘वो सात दिन’ यांचे मूळ या घटनेत असल्याचे म्हटले जाते. स्वतः चंद्रबाबू मात्र या आघातातून पूर्णपणे सावरले नाहीत. मद्य आणि एकाकीपण यांनी त्यांना घेरले.

विनोदवीराच्या चौकटीबाहेर पडण्याची त्यांची धडपड चालूच होती. कवी कण्णदासन यांनी १९६० मध्ये ‘कवलै इल्लाद मनिदन’ या चित्रपटात त्यांना नायक केले. शीर्षकाचा अर्थ चिंता नसलेला माणूस. प्रत्यक्षात या निर्मितीने कण्णदासन यांच्या डोक्यावर कर्जाचा डोंगर ठेवला. चित्रीकरणाच्या वेळा नायकाने पाळल्या नाहीत, ही तक्रार त्या काळाच्या आठवणींत वारंवार येते. चंद्रबाबूंच्या ऱ्हासाची कथा सांगताना नशिबाबरोबर ही बेशिस्तही नोंदवावी लागते. याच चित्रपटातील त्यांचे एक गंभीर गाणे मात्र अजरामर झाले. राष्ट्रपती सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्यासमोर त्यांनी ते गायले आणि दाद मिळताच आनंदाच्या भरात थेट राष्ट्रपतींच्या मांडीवर जाऊन बसले, अशी आख्यायिका आहे. राधाकृष्णन यांनी ते हसत स्वीकारले, असेही सांगतात.

१९६० च्या दशकाच्या मध्याला त्यांनी सर्वस्व पणाला लावले. एम. जी. रामचंद्रन यांना घेऊन ‘माडि वीट्टु एळै’ या चित्रपटाची निर्मिती आणि दिग्दर्शन त्यांनी हाती घेतले. मतभेद झाले, चित्रीकरण थांबले आणि चित्रपट कायमचा बारगळला. गुंतवलेला पैसा बुडाला, कर्ज अंगावर आले आणि हौसेने उभारलेला बंगला हातचा गेला. माडीच्या घरातील गरीब, असा त्या शीर्षकाचा अर्थ. तो निर्मात्यालाच लागू पडावा, ही नियतीची क्रूर थट्टा होती. मुंबईत भगवानदादांनाही जुहूचा बंगला सोडून दादरच्या चाळीत परतावे लागले. दोघांनाही पैसा मिळाला तो पडद्यावरच्या कलेमुळे, आणि गेला तो निर्मितीच्या जुगारात.

तरीही चंद्रबाबूंनी १९६६ मध्ये ‘तट्टुंगळ तिऱक्कप्पडुम’ हा चित्रपट दिग्दर्शित केला. त्यात सावित्री यांची प्रमुख भूमिका होती. बायबलमधील एका प्रसिद्ध वचनावरून घेतलेल्या या नावात दार ठोठावण्याची गोष्ट होती; पण प्रेक्षकांनी दार उघडले नाही. तोवर काळ बदलला होता. १९६४ च्या ‘कादलिक्क नेरमिल्लै’ने रंगीत, आधुनिक तरुणाई पडद्यावर आणली होती आणि नागेश हे नवे विनोदवीर घराघरांत पोहोचले होते. चंद्रबाबूंनी ज्या मोकळेपणासाठी टीका सोसली, तो आता सर्वमान्य झाला होता. त्यात त्यांची जागा मात्र उरली नव्हती. १९६९ च्या ‘अडिमै पेण’मध्ये एम. जी. रामचंद्रन यांच्यासोबत ते पुन्हा पडद्यावर दिसले, पण उतार थांबला नाही.

अखेरच्या वर्षांत विश्वनाथन यांच्यासारखे मोजके मित्र त्यांच्या पाठीशी उभे राहिले. एकेकाळी ज्यांनी नाकारले त्यांच्याच घरी त्यांना हक्काची जागा मिळाली. ८ मार्च १९७४ रोजी, वयाच्या अवघ्या ४६ व्या वर्षी चंद्रबाबू यांचे निधन झाले. सांथोमजवळील क्विबल आयलंड दफनभूमीत त्यांना चिरविश्रांती देण्यात आली.

त्यानंतरच्या तमिळ संगीतात गिटार, ड्रम आणि पाश्चात्त्य सुरावटी इतक्या रुळल्या की त्या कधी परक्या होत्या, हे आजच्या श्रोत्याला सांगावे लागते. इळैयराजा आणि ए. आर. रहमान यांच्या शहरात आज प्रत्येक महाविद्यालयाचा स्वतःचा बँड असतो. चंद्रबाबूंना मोठे सन्मान मिळाले नाहीत आणि नायक म्हणून यशही लाभले नाही. पण इंग्रजी सुटातला माणूस रिक्षावाल्याची भाषा बोलू शकतो आणि युरोपातील डोंगरावरची हाळी तमिळ गाण्यात खुलू शकते, हे त्यांनी दाखवून दिले. त्यांच्या निधनाला अर्धशतक उलटून गेल्यावरही तमिळनाडूत लग्नाच्या वाद्यवृंदात एखादा हौशी तरुण त्यांचे गाणे म्हणायला उभा राहतो आणि ती हाळी आली की टाळ्या पडतात.